ग्रहण पाळता, मग पाहत का नाही?

येत्या भाद्रपद पौर्णिमेला, रविवारी ७ सप्टेंबर २०२५ रोजी, खग्रास चंद्रग्रहण आहे. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी स्पर्श. ११ वाजता चंद्र पूर्ण झाकला जाईल, १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत तसाच राहील, आणि १ वाजून २६ मिनिटांनी मोक्ष. सगळे आपल्या अंगणातून दिसणारे. त्या वेळी आपण माळकरी काय करणार? दारे लावून आत बसणार, आणि मोबाईलवर आलेले राशिफळ वाचणार! माझे भांडण ह्या लावलेल्या दारांशी आहे.

तुम्ही म्हणाल, बुवा, ग्रहण पाळायला शास्त्रानेच सांगितले आहे. सांगितले आहे खरे. पण कोणते ग्रहण? जे आपल्या गावी डोळ्यांना दिसते तेच. न दिसणाऱ्याचे वेध नाहीत, स्नान नाही, दान नाही; म्हणून तर पंचांगकर्ते तशा ग्रहणाखाली 'नियम पाळू नयेत' असे छापतात. ज्याच्या दिसण्यावर सारा विधी उभा, त्याच्याकडेच पाठ फिरवायची, हा कुठला न्याय? अमुक राशीने पाहू नये अशीही टीप असते, ठाऊक आहे मला. ती फलज्योतिषाची टीप. गळ्यात तुळशीची माळ पडली तेव्हाच आपली रास विठोबाच्या पायी वाहिली ना?

आणि पंचांगात ही मिनिटे आली कोठून? कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी इ.स. १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचला, आणि पुढे कित्येक पिढ्या आपली पंचांगे त्यावरून होत आली. त्यात चंद्राला झाकते ती पृथ्वीची सावली. त्याच्या हजार वर्षे आधी, इ.स. ४९९ मध्ये, आर्यभटांनीही तेच मांडले होते. राहूच्या जबड्यावरून मिनिटे काढता येत नाहीत, सावलीवरून येतात. आपल्याच आचार्यांची ही विद्या. ती परकी समजून आपण तिला दाराबाहेर ठेवली.

खग्रासात चंद्र काळा होत नाही, तांब्यासारखा होतो. पृथ्वीभोवतीच्या हवेतून सूर्याचे किरण वाकून सावलीत शिरतात. निळा प्रकाश वाटेत विखुरतो, तांबडा पुढे जातो. त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे सूर्य उगवतो आहे आणि जिथे जिथे मावळतो आहे, तिथली लाली चंद्रावर पडलेली असते. कीर्तनात आम्ही दृष्टांत शोधत हिंडतो. हा आभाळात ८२ मिनिटे टांगलेला आहे. साध्या डोळ्यांनी पाहा. सूर्यग्रहणाला जपावे लागते तसे इथे काही नाही.

आता सुनेचे बोलू. गरोदर सुनेला दुपारपासून उपाशी ठेवायचे, पाणी द्यायचे नाही, अंधाऱ्या खोलीत हलू द्यायचे नाही. हे कुठल्या धर्मात बसते? बाळ, वृद्ध, आजारी, गरोदर यांना वेधांची सवलत पंचांगातच छापलेली असते, ती ओळ कोणी वाचतच नाही. बाळाचा ओठ पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घडून झालेला असतो. त्या रात्री विळी हातात घेतल्याने तो फाटत नाही. चैतन्य महाप्रभूंचा जन्म तर चंद्रग्रहणाच्याच पौर्णिमेचा, असे त्यांची चरित्रे सांगतात. आणि विटाळाचे म्हणाल, तर सोयराबाईंनी त्याबद्दल थेट देवालाच जाब विचारला. त्या संतांच्या लेकीसुनांना आपण भिववायचे?

भागवताचा दशमस्कंध उघडा. सूर्यग्रहणाच्या पर्वाला द्वारकेचे यादव कुरुक्षेत्री आले, व्रजातून नंद-यशोदा आल्या, गोपी आल्या. इतक्या वर्षांनी कृष्णाची भेट झाली ती त्या गर्दीत. सगळे घरात बसले असते तर?

ज्यांना स्नान, दान, जप करायचा त्यांनी जरूर करावा. मी स्वतः वेध पाळतो. उपवासाला माझी ना नाही, भीतीला आहे. नामाला काळवेळ लागत नाही हे हरिपाठात रोज म्हणायचे, आणि ग्रहण आले की मुकाट बसायचे, हे जमत नाही.

तेव्हा त्या रात्री वीणा देवळाच्या पटांगणात आणा. पखवाज, टाळ आणा. एकादशीचा जागर करणाऱ्यांना साडेतीन तास जड नाहीत. पोरांना झोपवू नका. पुढच्या फाल्गुन पौर्णिमेला, ३ मार्च २०२६ रोजी, ग्रहण आहे खरे, पण आपल्याकडे चंद्र उगवेल तो ते संपता संपता. त्यानंतर चांगले खग्रास थेट ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री. तोवर माझ्या वयाच्या कितीजणांचा भरवसा?

भाद्रपदातले आभाळ आहे, ढग येतील. आले तर भजन थांबवू नका, फट पडेल तेव्हा दिसेल. गरोदर बाईला टेकायला खुर्ची द्या आणि पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवा.