आगोटीच्या यादीत जनरेटर लिहिण्याआधी

मे महिना सरत आला की कोकणात घरोघर आगोटीची यादी निघते. तांदूळ, डाळी, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा, कौलांची डागडुजी. अलीकडे या यादीत एक नवं नाव दिसतं, जनरेटर. त्याला कारणही तसंच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्याच, पण विजेचे खांबही असे आडवे झाले की काही गावांत दिवा लागायला कित्येक आठवडे गेले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांवरही तीच पाळी आली. अंधाराचं एक वेळ निभतं. खरी पंचाईत होते ती विहीर तुडुंब भरलेली असून टाकीत थेंब चढत नाही तेव्हा. रहाट तर आपण कधीच काढून टाकलेला असतो.

तेव्हा जनरेटर घ्यावासा वाटला तर त्यात चूक काही नाही. दुकानात गेल्यावर मात्र आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘किती केव्हीएचा घेऊ?’ माझं सांगणं एवढंच, की हा प्रश्न तिसरा आहे. त्याच्याआधी दोन प्रश्न घरी बसून सोडवायचे असतात. याचा धूर कुठे जाणार? आणि याची वीज कुठे जाणार? या दोन्हींची उत्तरं नीट मिळेपर्यंत पैसे मोजू नका.

आधी धुराचं बोलू. जनरेटर लागतो तो नेमका धो-धो पावसात, आणि यंत्र भिजू नये म्हणून माणूस ते पडवीत ओढतो. निसर्गनंतर आमच्या शेजारी हेच झालं. रात्री जनरेटर पडवीत आणि माजघराचं दार अर्धं उघडं. पहाटे मुलांची डोकी दुखायला लागली, एकीला उलटी झाली. दोन दिवस जेवणाचे हाल, पित्त झालं असेल, म्हणून आजीने आलं-लिंबू दिलं. त्यांच्या चुलत्याला मात्र शंका आली. त्याने मशीन बंद केलं आणि पोरांना उचलून खळ्यात आणून बसवलं. मोकळ्या हवेत ती हळूहळू सावरली. ते पित्त नव्हतं, कार्बन मोनॉक्साइड होता.

हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. आपल्याला येतो तो जळक्या पेट्रोलचा वास, आणि तो नाही आला म्हणजे विष नाही असं होत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने याला धरून ठेवतं, त्यामुळे श्वास चालू असतानाच शरीर गुदमरत जातं. झोपेतल्या माणसाला तर डोकं दुखल्याचंही कळत नाही. खिडकी उघडी आहे, कौलांतून हवा खेळते, पंखा लावलाय, यातलं काहीही पुरेसं नाही.

म्हणून जागा अशी निवडा. घरापासून निदान वीस फूट लांब, धुराडं घराच्या आणि शेजाऱ्याच्या दारा-खिडक्यांकडे पाठ करून. जमिनीपासून वीतभर उंच जोतं, चार खांब आणि वर पत्रा, चारही बाजू उघड्या. पाऊस अडला पाहिजे, वारा अडता कामा नये. पडवी, गोठा, मांगर, जिन्याखालची जागा, बंद गॅरेज ही सगळी ठिकाणं बाद. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाल्कनीत जनरेटर लावायचा विचारच सोडा, तुमचा मार्ग इन्व्हर्टरचा. कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारा बॅटरीवरचा अलार्म मिळतो, तो झोपायच्या खोलीत लावा. आणि जनरेटर चालू असताना घरात एकाहून जास्त जणांना डोकेदुखी, मळमळ, गरगर वाटली तर औषध शोधत बसू नका. आधी सगळे बाहेर, मग दवाखाना.

आता विजेचं. बाजारात न मिळणारी पण गावोगाव सापडणारी एक वस्तू आहे, दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये, आणि सगळ्या घरात उजेड. वायरिंगचा खर्च वाचला म्हणून माणूस खूश. पण ती वीज घरात थांबत नाही. मेन स्विच चालू राहिला असेल तर ती मीटरमधून उलटी बाहेर पडते, खांबावर जाते आणि तिथून डीपीपर्यंत पोहोचते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टची वीज आपल्या वापराची करून देतो. उलट बाजूने वीज आली तर तो तितक्याच इमानाने २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट करतो. पुष्कळदा वस्तीचा सगळा लोड अंगावर पडून जनरेटर घुसमटतो आणि बंद पडतो. त्यामुळे लोकांना वाटतं, काही होत नाही. पण मध्येच तार तुटलेली असेल तर लोड कमी आणि ती तार जिवंत. अशा वेळी खांबावर कोण असतं? आपल्याच गावचा वायरमन. लाइन तपासून, अर्थ करूनच त्याने काम करायचं असतं, आणि तो करतोही. पण शेकडो खांब पडलेले, चार दिवस झोप नाही, वर पाऊस, अशा वेळी एक चूक त्याची झाली आणि दुसरी तुम्ही आधीच करून ठेवली असेल, तर त्याच्या घरी काय निरोप जाईल याचा विचार करा.

यावरचा उपाय साधा आहे आणि जनरेटरच्या किमतीपुढे तो फार महागही नाही. मीटर आणि मेन स्विचच्या पुढे चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. एका बाजूला महावितरण, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला जनरेटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्या, नुसता फेज तोडणारा नको. त्याची रचनाच अशी असते की दोन वीजपुरवठे एकमेकांना भेटूच शकत नाहीत. त्यामुळे लाइट अचानक परत आली तरी तुमचा जनरेटर जळत नाही. हे काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करून घ्या. त्याच फेरीत जनरेटरचं अर्थिंग आणि ईएलसीबी नीट जुळलंय का तेही तपासायला सांगा. ज्यांच्या छपरावर सोलर आहे त्यांनीही त्याला तसं सांगावं. साधं ऑनग्रिड सोलर लाइट गेल्यावर आपोआप बंद होतं. लोक त्यावर चिडतात, पण कारण हेच, खांबावरचा माणूस. त्या सोलरला जनरेटरची वीज दाखवून फसवून चालू करायला जाऊ नका, दोन्ही बिघडतील.

धूर आणि वीज मार्गी लागली की मग आकार. कागद घ्या आणि लाइट नसताना खरोखर काय चालायला हवं तेवढंच लिहा. एलईडी दिवा ९ वॉट, जुना पंखा ७५, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास, टीव्ही १०० धरा, फ्रिज चालताना १५० धरा. सहा दिवे, तीन पंखे, टीव्ही आणि फ्रिज मिळून ५५० वॉटच्या आत बसतं. मग पंप लिहा, आणि सगळं गणित बदलतं. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट हे शाळेतलं उत्तर. प्रत्यक्षात असा पंप हजार-अकराशे वॉट ओढतो, आणि सुरू होतानाच्या क्षणाला त्याच्या कित्येक पट झटका घेतो. फ्रिजचाही तसाच, फक्त लहान. म्हणून एक एचपीच्या पंपाला ३ केव्हीएपेक्षा लहान जनरेटर घेऊ नये. पंप चालू करताना बाकी सगळं बंद ठेवावं, टाकी भरली की पंप बंद करून मग फ्रिज लावावा. प्लेटवर ‘मॅक्सिमम’ आणि ‘रेटेड’ असे दोन आकडे असतात. दुकानदार पहिला दाखवतो, तुम्ही दुसरा बघा. आणि पंप थ्री फेजचा असेल तर सिंगल फेजच्या जनरेटरवर तो चालणार नाही, हे घेण्याआधी कळलेलं बरं.

आता खर्चाचं बोलू. या आकाराचा पेट्रोल जनरेटर मध्यम लोडवर तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पितो. तो रात्रभर चालवणं खिशाला परवडत नाही आणि शेजाऱ्याला तर मुळीच नाही. त्यामुळे माझा सल्ला असा. दिवसातून दोन-तीन तास जनरेटर, बाकी वेळ इन्व्हर्टर. जनरेटर चालू असताना टाकी भरा, फ्रिज गार करून घ्या, मोबाइल आणि इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करा. अपेक्षा मात्र माफक ठेवा. १५० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. तीन तासांत तिच्यात जेमतेम एक बीएलडीसी पंखा आणि दोन दिवे रात्रभर चालतील एवढी वीज जाते. त्याच विजेवर ७५ वॉटचा जुना पंखा चार तासांत दम टाकतो. म्हणजे झोपायच्या खोलीतला पंखा बदलणं हीसुद्धा वादळाची तयारीच. जनरेटरवर इन्व्हर्टर चार्ज होत नसेल तर तो बिघडला असं समजू नका. मागे ‘यूपीएस’ मोडचं बटण असतं. त्या मोडमध्ये तो हलणारं व्होल्टेज घेत नाही, मोड बदलून बघा. आणि ज्यांच्याकडे लाइट दोन-चार तासच जाते त्यांनी जनरेटरच्या फंदात पडूच नये, चांगला इन्व्हर्टर पुरे.

पेट्रोलचंही तेच, साठवायचं ते बेताने. स्वतःच्या वापरासाठी विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर ठेवता येतं. पण कायदा ठेवू देतो म्हणून तेवढं ठेवायलाच हवं असं नाही. घट्ट झाकणाच्या, पेट्रोलसाठीच बनवलेल्या कॅनमध्ये, घराबाहेर सावलीत ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत पोहोचते. चालू किंवा तापलेल्या जनरेटरमध्ये पेट्रोल कधीच ओतू नका. आधी बंद करा, पंधरा-वीस मिनिटं निवू द्या. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं. महिनोन् महिने टाकीत पडलेल्या पेट्रोलने कार्ब्युरेटर तुंबतो आणि ऐन वेळी दोरी ओढून खांदा जातो. पावसाळा संपला की टाकी रिकामी करा. हंगामात महिन्यातून एकदा ऑइल बघून, थोडा लोड लावून पंधरा मिनिटं चालवा. जनरेटर ते घर ही वायर अडीच एमएमची, एकसंध असावी. टेप गुंडाळलेला जोड पावसात ठेवू नका.

शेवटचं आवाहन मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना. गावी आई-बाबा एकटे आहेत म्हणून तुम्ही पैसे पाठवता, दुकानदार मशीन आणून ठेवतो, आणि तुमची काळजी मिटते. पण सत्तरीतल्या वडिलांना दोरी ओढवणार आहे का? नसेल तर थोडे जास्त पैसे घालून सेल्फ-स्टार्ट घ्या, आणि त्याची लहान बॅटरी महिन्याच्या फेरीत चार्ज होतेय ना ते विचारत राहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मृग लागण्याआधी एकदा स्वतः या. भर दुपारी मेन बंद करा आणि तुम्ही हात न लावता सगळं आई-बाबांकडून करवून घ्या. चेंजओव्हर मध्यावर, जनरेटर चालू, मिनिटभर थांबा, चेंजओव्हर जनरेटरवर, मग एकेक वस्तू. बंद करताना याच्या उलट. दोनदा, तीनदा. चेंजओव्हरच्या शेजारी भिंतीवर हे टप्पे मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा, आणि खाली महावितरणचा १९१२ हा नंबर. शेवटी झोपायच्या खोलीत जाऊन खिडकीशी उभे राहा. पेट्रोलचा जरासा जरी वास आला तरी जनरेटर आणखी लांब न्या, आणि वीस फुटांचा नियम झाला म्हणून थांबू नका. एवढं झालं की आगोटीच्या यादीत जनरेटरपुढे खूण करा.