रिकामी सभागृहे व स्थानिक स्वराज्य

अंबरनाथ व बदलापूर येथील नगरपालिकांच्या निवडणुका डिसेंबर 2025 मध्ये एकदाच्या पार पडल्या. उल्हासनगर महापालिकेची जानेवारी 2026 मध्ये झाली. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु त्या आनंदात मागील वर्षांचा विसर पडावा, हे आम्हांस इष्ट वाटत नाही. पहिल्या दोन नगरपालिकांची मुदत 2020 साली संपली होती व उल्हासनगरची 2022 साली. तेव्हापासून तिन्ही नगरांचा कारभार प्रशासकाच्या एकट्याच्या सहीने चालला.

ही नगरे काही कोणाच्या कृपेवर वाढलेली नव्हेत. युद्धकाळातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावून आलेल्यांनी तेथे बाजारपेठ उभी केली. अंबरनाथ व बदलापूर ही 1983 साली कल्याण महापालिकेत घातली गेली व 1992 साली पुन्हा वेगळी झाली. वेगळे होण्याचा अर्थ आपला कारभार आपण पाहणे हाच ना? मग पाच वर्षांहून अधिक काळ सभागृहच रिकामे राहिले, तर त्या वेगळेपणाचे मोल ते काय उरले?

'प्रशासकाच्या अमदानीत कामे झपाट्याने होतात, नगरसेवकांची भांडणे तरी टळतात,' असे सुशिक्षित गृहस्थही म्हणताना आढळतात. नगरसेवकांचे दोष आम्ही झाकू इच्छीत नाही. परंतु अधिकारी जबाबदार असतो तो सरकारास, आणि बदली होताच तो निघून जातो. नळास पाणी का नाही, वालधुनी नदीत घाण कोण सोडतो, हे भर सभेत विचारण्याचा हक्क मतदारांच्या प्रतिनिधीचाच. कारभार सुधारावा यापेक्षा लोकांस राजकीय शिक्षण मिळावे, हा स्थानिक स्वराज्याचा मुख्य हेतू होय, असे लॉर्ड रिपन यांच्या सरकारने 1882 सालीच मान्य केले होते. परकी सरकारास जे कळले, ते स्वकीयांस कळू नये काय?

राज्यघटनेची 74 वी दुरुस्ती 1993 पासून अमलात आहे. पाच वर्षांची मुदत सरण्यापूर्वीच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असे तीत स्पष्ट आहे. प्रथम साथीचे कारण झाले, मागून आरक्षण व प्रभागरचनेचे वाद आले. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयास आज्ञा करावी लागली. साथ हे दैव म्हणता येईल. पुढील विलंब दैव नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रभागरचना व आरक्षण ही कामे मुदतीपूर्वी एक वर्ष पुरी करण्याचे बंधन सरकारने कायद्याने स्वतःवर घालून घ्यावे. नव्या नगरसेवकांनी प्रशासकीय काळातील खर्चाचा हिशेब सभागृहात मागून घ्यावा व तो लोकांपुढे ठेवावा. आणि नागरिकांनी मत देऊन घरी न बसता त्या सभांस जातीने हजर राहावे. ज्या सभागृहाकडे लोकांचे लक्ष नाही, ते पुन्हा रिकामे झाले तरी त्याची खंत कोणास वाटणार?