पाणंद करा, पण वाघाटी ठेवा

पाणंद रुंद झालीच पाहिजे, याबद्दल कुणाचं दुमत नाही. म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यापासून कवठे महांकाळ तालुक्यात ऊस वाढला, द्राक्षबागा वाढल्या. भरलेला ट्रॅक्टर चिखलात रुतला की काय होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. शासनाने 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, ती योग्यच. तक्रार आहे ती काम करण्याच्या पद्धतीबद्दल. जेसीबी एका टोकाकडून घुसतो आणि दोन्ही बाजूंची काटेरी वई मुळासकट उलथून टाकतो. त्यात वाघाटी जाते.

वाघाटी कुणी लावत नाही. बांधावर, ओढ्याकाठी आपसूक येते, बोरी-बाभळीवर चढते. मागं वळलेल्या काट्यांच्या जोड्या अगदी वाघनखासारख्या; धोतर असो की पँट, फाडल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणूनच तिच्या वईतून मोकाट जनावर आत शिरत नाही. ती उपटून त्याच बांधावर आपण पैसे मोजून तार ओढतो, हा कुठला हिशोब?

आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना पुष्कळ घरांत वाघाट्याची भाजी लागतेच. फळ कडू; चिरून बिया काढायच्या, उकडून पाणी टाकून द्यायचं, मग फोडणी. एरवी वाघाटीकडे ढुंकूनही न बघणारा माणूस त्या दिवशी बाजारभर वाघाटं शोधत हिंडतो. विकायला बसलेली असते ती हातावर ओरखडे घेऊन रानातून फळं काढणारी बाई. बहुधा तिला स्वतःचा बांध नसतो. पाणंदीची वई गेली की तिचे ते चार पैसेही गेले.

जैविक विविधता कायदा 2002 सालचा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. पाणंदीचं अंदाजपत्रक करण्याआधी सरपंच, तलाठी आणि दोन जाणत्या बायकांनी ती चालून यावी, वाघाटीच्या वेलांना चुन्याची खूण करावी. (बायका मुद्दाम म्हटलं, वेल कुठं आहे ते त्यांनाच नेमकं माहीत असतं.) जमेल तिथं एका बाजूची वई राखावी. जिथं इलाजच नाही, तिथं आदल्या पावसाळ्यात पिकल्या फळांच्या बिया धरून ओढ्याकाठी टाकाव्यात. रस्त्याची कामं उन्हाळ्यात निघतात आणि नेमकी तेव्हाच वाघाटी फुला-फळावर असते, म्हणून हा विषय ग्रामसभेत दिवाळीनंतर लगेच घेतलेला बरा.