वडगावचे शिपाई अनाम राहू नयेत

बोरघाट चढून पुणे जिंकायला निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला १६ जानेवारी १७७९ रोजी मावळातल्या वडगावात मराठ्यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या. दर जानेवारीत वडगावच्या विजयस्तंभापाशी या विजयाचे स्मरण होते, महादजी शिंद्यांच्या पुतळ्याला हार चढतो. हे व्हायलाच हवे. पण ज्यांच्या बळावर ही लढाई जिंकली गेली, त्या शिपायांपैकी कोणाचे नाव आज मावळात किती जणांना सांगता येईल?

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्याचा कारभार बारभाई या मुत्सद्द्यांच्या मंडळाच्या हाती आला होता. जानेवारी १७७९ मध्ये नारायणरावांचे पुत्र पेशवे सवाई माधवराव अवघे चार वर्षांचे होते. पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावांना पुण्यात बसवण्याच्या निमित्ताने मुंबईकर इंग्रजांनी सुमारे ३९०० माणसांची फौज धाडली. खंडाळ्याहून तळेगाव म्हणजे दीड-दोन दिवसांची मजल, पण कंपनीला त्यासाठी दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. महादजी, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके या मराठा सरदारांच्या तुकड्या तिला पावलोपावली अडवत होत्या. रसद तुटत होती, तोफा ओढणारे बैल थकत होते. ९ जानेवारीला ही फौज तळेगावात पोहोचली, तेव्हा तिच्यापुढे ओसाड, जाळलेले गाव होते. शत्रूच्या हाती दाणा किंवा वैरणीची काडी लागू नये, म्हणून मराठ्यांनी आपलाच मुलूख पेटवून दिला होता.

पुणे तिथून जेमतेम ३०-३५ किलोमीटर. तरीही ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून कंपनीची फौज मागे फिरली. पहाट होण्याआधीच मराठ्यांनी तिला गाठले आणि वडगावात कोंडले. १७७३ नंतर घेतलेला सारा मुलूख, मुंबईजवळच्या साष्टीसकट, परत करण्याचे इंग्रजांनी कबूल केले.

कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने हा तह धुडकावला. युद्ध पुन्हा पेटले ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत, आणि साष्टी शेवटी इंग्रजांकडेच राहिली. पण म्हणून वडगावला झालेली प्राणहानी व्यर्थ गेली असे म्हणता येत नाही. पुण्यात कंपनीचा अंमल बसायला त्यानंतर नोव्हेंबर १८१७ उजाडावा लागला. मधल्या अडतीस वर्षांच्या मराठी राज्याला वडगावच्या शिपायांचे रक्त लागले आहे.

या लढाईतला एक वीर मात्र मावळाने नावानिशी जपला आहे, आणि तो शत्रूपक्षाचा. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने पडला. त्याचे धाडस पाहून मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले, आणि वडगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारात आजही त्याची समाधी आहे. शत्रूच्या शौर्याची कदर करणारा हा दिलदारपणा मावळाला शोभून दिसतो. मग त्याच मातीत पडलेले मराठी पायदळ, बारगीर, गोलंदाज आणि घरदार सोडून गेलेले तळेगावचे रहिवासी यांच्या वाट्याला साधी नामपट्टीही का नसावी? कंपनीच्या फौजेतही गोरे सहाशेच्या आतच होते. बाकी सारे इथलेच शिपाई. त्यांच्या मरणाचीही कुठे खूण नाही.

नावे मिळणारच नाहीत, अशी सबब सांगितली जाते. ती घाईची आहे. लढाईत पडलेल्यांच्या कुटुंबांना ‘बालपरवेशी’ म्हणून मदत दिल्याच्या नोंदी पेशवाईच्या कागदांत आढळतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात मोडीतले अगणित कागद आहेत, आणि १९१० पासून काम करणाऱ्या भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्थाही त्याच शहरात आहे. वडगावच्या मोहिमेपुरता नावांचा शोध तिथे कसून व्हायला हवा. सगळी नावे हाती येणार नाहीत, पण जी येतील ती दगडात कोरली पाहिजेत. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे कोरलेली आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांना आपण जो मान देतो, तो त्यांच्या पूर्वसुरींना नाकारण्याचे कारण नाही.

रणभूमीकडेही तितकेच लक्ष हवे. वडगावच्या सव्वा वर्ष आधी, ऑक्टोबर १७७७ मध्ये, अमेरिकेत साराटोगा येथे ब्रिटिश सेनापती बर्गोइन शरण आला. ती रणभूमी आज राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेली आहे आणि लोक तिथे चालत चालत सगळी लढाई समजून घेतात. आपल्याकडे खंडाळा, कार्ले, तळेगाव, वडगाव ही ठिकाणे पुणे–लोणावळा लोकलच्या टापूत आहेत. लाखो पर्यटक लोणावळ्याला येतात, कार्ल्याची लेणी पाहतात आणि याच मार्गावर एक साम्राज्य रोखले गेले याचा पत्ता न लागताच परततात.

जानेवारी २०२९ मध्ये या लढाईला अडीचशे वर्षे पूर्ण होतील. त्याआधी राज्य शासन, पुणे जिल्हा परिषद आणि मावळातील नगरपालिका-नगरपंचायतींनी मिळून तीन कामे हाती घ्यावीत: मोडी जाणकारांकडून नावांचा शोध, खंडाळ्यापासून वडगावपर्यंत लढाईच्या प्रत्येक ठिकाणी माहितीफलक, आणि तालुक्यातील प्रत्येक शाळेतील मुलांची या मार्गावर वर्षातून एक फेरी. यासाठी लागणारी तरतूद येत्या अर्थसंकल्पापासूनच व्हावी. २०२९ च्या जानेवारीत विजयस्तंभापाशी महादजींबरोबर त्यांच्या शिपायांची नावेही मोठ्याने वाचली गेली पाहिजेत.