पांढऱ्या पेशींची धास्ती

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार घेण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईस गेलेल्या स्त्रीच्या रक्तातील पांढऱ्या पेशी काही आठवड्यांतच घटू लागतात. तपासणीचा कागद पाहून घरची माणसे घाबरतात. किरणांनी उरलीसुरली शक्तीही गेली, असे ठरवून काही वेळा तिला गावी परत आणले जाते. भीती समजण्याजोगी आहे; निर्णय मात्र घातक.

पेशी घटतात हे खरेच. रक्त निर्माण करणाऱ्या मज्जेचा मोठा भाग कटीच्या हाडांत व कण्याच्या खालच्या मणक्यांत असतो, आणि किरण नेमके तेथूनच जातात. पण याच किरणांना दुसरी बाजू आहे. मरणारी कर्कपेशी आपली अंतर्गत द्रव्ये बाहेर टाकते आणि एरवी तिला न ओळखणाऱ्या रक्षक पेशींना शत्रूची ओळख पटू शकते. हा रोग बहुतांशी पॅपिलोमा विषाणूपासून होतो. ओळखण्याजोगी परकी प्रथिने त्या पेशींत मुळातच असतात. प्रतिकारशक्तीवरील बंधन सोडविणारे पेंब्रोलिझुमॅब हे औषध किरण व रसायन यांच्या जोडीला दिल्यावर तीन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७५ वरून ८३ टक्क्यांवर गेल्याचे २०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले. त्याची किंमत कोकणातल्या शेतकऱ्याने विचारूही नये अशी!

तेव्हा हाताशी आहे ते पुरतेपणी पदरात पाडून घेणे आले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ८५० स्त्रियांवर केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वाढलेल्या रोगातही किरणांना सिस्प्लाटिनची जोड मिळालेल्यांपैकी ५४ टक्के पाच वर्षे जगल्या. नुसत्या किरणांवर ४६ टक्के. औषध जुने आणि स्वस्त आहे. मात्र बाहेरून व आतून द्यावयाचे सारे किरण सुमारे आठ आठवड्यांत संपावयास हवेत. मधला खंड गाठीला वाढण्यास अवसर देतो. पेशी फारच उतरल्या तर औषध थांबवावे की किरण, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे, परतीच्या एसटीने नव्हे.

पण आठ आठवडे मुंबईत राहावयाचे कोठे, आणि घरची लावणी कोणी करावयाची? सरकारी योजनेतून उपचारांचा खर्च निघतो, बुडालेली मजुरी निघत नाही. जिल्हा परिषदेने या रुग्णांसाठी मुंबईत निवाऱ्याची सोय करावी आणि उपचार अर्धवट टाकून परतलेल्या स्त्रीच्या दारी आरोग्यसेविकेने त्याच आठवड्यात जावे, ही मागणी अवाजवी नाही.