बदकाची कैफियत

दिवाळीच्या सुट्टीत आमची नात पुण्याहून धाराशिवला येते, तेव्हा तिच्यापेक्षा तिची पिशवी जड असते. पूर्वी पिशवीत फ्रॉक असत, हल्ली पुस्तकं असतात. गुळगुळीत कागद, पानभर चित्र आणि खाली मोजून दोन ओळी. अस्मादिकांनी चौतीस वर्षं कचेरीत कारकुनी केली. एवढ्याशा मजकुराला एवढा कागद घातला असता, तर माझी चौकशी लागली असती.

पण तक्रार कागदाची नाही. वामकुक्षी धरून एका दुपारी मी ती नऊच्या नऊ पुस्तकं वाचून काढली आणि नवांत मिळून गोष्ट एकच निघाली : ‘तू जशी आहेस तशीच राहा.’ सल्ला उत्तम आहे. आमच्या मंडळींनी मला तो आजवर एकदाही दिलेला नाही.

आता जरा या गोष्टी नीट वाचा. डेव्हिड मॅकी नावाच्या इंग्रज चित्रकाराचा १९६८ सालचा एल्मर हत्ती घ्या. बाकी सगळे हत्ती राखी, हा एकटा गोधडीसारखा ठिगळाठिगळांचा. एकदा त्याला वाटतं, आपणही राखी व्हावं. तो अंग रंगवून घेतो, पावसानं रंग धुऊन जातो, आणि सगळे हत्ती ठरवतात की वर्षातून एक दिवस आपण सर्वांनी रंगीत व्हायचं. म्हणजे पोळा! आमच्याकडेही बैलाची शिंगं रंगवतात, पाठीवर झूल घालतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला औताला जुंपतात. उरलेले ३६४ दिवस त्या राखी हत्तींनी काय करायचं, ते मॅकीसाहेब सांगत नाहीत.

लिओ लिओनींचा १९६७ सालचा फ्रेडरिक उंदीर तर माझ्या डोक्यातच गेला. बाकीचे उंदीर दिवसरात्र दाणे वाहतात, आणि हा बसून ऊन, रंग आणि शब्द गोळा करतो. हिवाळ्यात दाणे संपले की हा कविता म्हणतो, आणि सगळे म्हणतात, वा! दाणे वाहणाऱ्यांना लेखकानं नावसुद्धा ठेवलेलं नाही. वाचकहो, मी चौतीस वर्षं दाणे वाहिले आहेत. मला राग येणार नाही तर काय!

त्यातल्या त्यात नॅशनल बुक ट्रस्टची, मिकी पटेल यांची रूपा हत्तीण बरी. तिला आपल्या राखी रंगाचा कंटाळा येतो, ती रंगीबेरंगी होऊन बघते आणि शेवटी मुकाट्यानं राखीच होते. बाईमाणूस शहाणं.

खरी मुळाशी आहे ती मात्र अँडरसनची १८४३ सालची गोष्ट. कुरूप पिल्लाची. गदिमांच्या गाण्यामुळे ती मराठी घराघरांत पाठ आहे, आणि ऐकताना आपण सगळेच डोळे पुसतो. पण बदकांनी त्या पिल्लाला शेवटपर्यंत आपलं म्हटलं का? छे! ते राजहंस निघालं म्हणून त्याची गोष्ट झाली. बदकच निघालं असतं, तर अँडरसननं दौतीचं झाकण लावलं असतं.

हे मी सूनबाईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, या पुस्तकांनी मुलांचा कॉन्फिडन्स वाढतो.” मी गप्प बसलो. सुनेशी वाद घालायचा नाही, हे माझं स्वतःचं वेगळेपण आहे.

पण त्याच रात्री पिशवीतून सुट्टीचा गृहपाठ निघाला. ‘माझं वेगळेपण’ असा मथळा, फोटोची चौकट आणि खाली चार कोऱ्या ओळी. आमची नात सात वर्षांची. गाणं बरं म्हणते, चित्र बरं काढते, पळताना मधे कुठेतरी असते. तास झाला तरी ओळी कोऱ्याच. मी म्हणालो, “लिही, मी फार गोड आहे.”

“ते सगळ्याच आजोबांना वाटतं,” ती म्हणाली. मग अंथरुणात शिरून, आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं : “आजोबा, मी बदकच असले तर?”

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका आठवले. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून त्यांनी मडकी पारखली, अशी कथा आहे. पण पारखलं ते पक्कं की कच्चं एवढंच. प्रत्येक मडकं दुसऱ्याहून निराळं असावं, असा हट्ट त्या कुंभारानंसुद्धा धरला नव्हता. आता सातव्या वर्षीच डोक्यावर थापटणं पडतं, आणि ‘वेगळी’ असा आवाज आला नाही तर पोर रात्री जागी राहते.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन लेण्यांच्या रस्त्यानं फिरायला गेलो. तिथं एक म्हातारी शेळ्या चारत होती. वीस-पंचवीस असतील, सगळ्या उस्मानाबादी. (२०२३ साली जिल्हा धाराशिव झाला, शेळीनं मात्र आपलं नाव सोडलेलं नाही.) सगळ्या काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या; एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. नातीनं विचारलं, “आजी, यांना ओळखता कसं?”

“वळखायचं काय त्यात?” म्हातारी म्हणाली. “ही लंगडीची, ही तिचीच जुळी, ती हावरी. घरच्या लेकरांना चिठ्ठ्या लावाव्या लागत्यात व्हय?”

“आणि यातली वेगळी कोणती?”

“येगळी कशाला पायजे, माय?”

मग नात तिथंच बसली. ‘ही हावरी!’ म्हणून तिनं तीनदा बोट दाखवलं, तिन्ही वेळा चुकलं, आणि म्हातारी दर वेळी खोखो हसली. उन्हं उतरेपर्यंत मला उठता आलं नाही. घरी उशीर झाल्याबद्दल बोलणी मला बसली.

भाऊबीज झाली आणि मंडळी पुण्याला परतली. गृहपाठाचं पान कोरंच होतं. वाटेत एसटीत सूनबाईनं भरलं असेल. तिचं अक्षर फार सुरेख आहे.