आधी माणसे, मग इमारत: हेग्गोडूच्या रंगमंदिराचा धडा

१/ मराठी रंगभूमीचा इतिहास ५ नोव्हेंबर १८४३ पासून सांगितला जातो. त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यापूर्वी कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते; तसेच काही मराठीत व्हावे, ही संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांची इच्छा होती.

२/ १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले. आश्रय सुटला आणि भाव्यांना नाटकमंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. तेव्हापासून नाटक जगण्याचे दोनच मार्ग आपल्या मनात ठसले: राजाश्रय किंवा तिकीट. तिसरा मार्ग पाहायचा, तर पुन्हा कर्नाटकाकडेच वळावे लागते.

३/ शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातील हेग्गोडू हे सुपारीच्या बागांतले खेडे. तेथे १९४९ मध्ये काही हौशी मंडळींनी ‘नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ’ स्थापन केला. हाच आजचा ‘नीनासम’. त्याचे सूत्रधार ठरलेले के. व्ही. सुब्बण्णा तेव्हा सतरा वर्षांचे होते. पुढे लेखक आणि अनुवादक म्हणून त्यांनी नाव मिळवले. बागायती मात्र सोडली नाही, गावही सोडले नाही.

४/ या संस्थेच्या वाटचालीचा क्रम विचार करण्यासारखा आहे. शिवराम कारंत यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले १९७२ मध्ये. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ पक्क्या नाट्यगृहावाचून नाटके होत राहिली. इमारत आली तेव्हा ती वापरणारी माणसे तयार होती.

५/ १९७३ मध्ये चित्रपट मंडळ निघाले आणि जगातील श्रेष्ठ चित्रपट खेडुतांनी पाहिले. १९८० मध्ये नाट्यशिक्षण संस्था सुरू झाली, १९८५ मध्ये ‘तिरुगाट’ हे फिरते नाट्यपथक. वार्षिक संस्कृती शिबिरात शिक्षक, विद्यार्थी, लेखक आणि रसिक एकत्र बसून नाटकावर वाद घालू लागले.

६/ आता आपल्याकडे पाहावे. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेने हौशी रंगभूमीला मोठा आधार दिला, हे निर्विवाद. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ प्रथम रंगमंचावर आले तेही याच स्पर्धेत.

७/ परंतु लहान गावांत स्पर्धेचीच सवय जडली. नोकरी-दुकान सांभाळून महिनोन्‌महिने तालमी होतात, पदरमोड होते, एक प्रयोग परीक्षकांपुढे होतो आणि नेपथ्य माळ्यावर जाते. गावाने ते नाटक पाहिलेलेच नसते. कलावंत घडतो; प्रेक्षक घडत नाही.

८/ दुसरी चूक इमारतीची. नाट्यगृहाच्या कोनशिलेसाठी निधी मिळतो. तालमीच्या खोलीसाठी, दिव्यांच्या दुरुस्तीसाठी वा परवडणाऱ्या भाड्यासाठी मिळत नाही. मग त्या सभागृहात लग्नाचे स्वागत समारंभ होतात आणि नाटकवाले शाळेचा वर्ग मागत फिरतात.

९/ यावर आक्षेप येईल की हेग्गोडूला सुब्बण्णा लाभले. प्रत्येक गावाला असा माणूस कोठून मिळावा? आक्षेप रास्त आहे. केवळ स्वयंसेवेवर सारे भागत नाही, हेही खरे. नीनासमने प्रशिक्षित कलावंतांचे पथक उभारले ते म्हणूनच. परंतु १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळालेले सुब्बण्णा २००५ मध्ये गेले, आणि संस्था चालू राहिली. एका माणसावर उभे असलेले काम त्याच्याबरोबर संपते. हे संपले नाही.

१०/ गावात नाटक हवे ते नट घडवण्यापुरते नव्हे. शिक्षक, दुकानदार, शेतकरी आणि महाविद्यालयीन मुलगी एका तालमीत समान अधिकाराने बोलू शकतील, अशा जागा लहान गावात मोजक्याच असतात. नवे नाट्यगृह बांधण्यापूर्वी नगरपालिकेने एवढेच विचारावे: येथे वर्षभर तालीम कोण करणार, आणि ते नाटक गावाला कोण दाखवणार? उत्तर नसेल, तर आधी तालमीसाठी एक खोली द्यावी. कोनशिला थांबू शकते.